किलोमागे दीड

मोरखोल गावात सर्वांत जास्त प्रदूषण कोण करतं याचा सरकारनं शोध लावला, तेव्हा विजयमाला होडगे शेणाचे हात धूत होत्या. ग्रामपंचायतीच्या फलकावर यादी लागली होती आणि पहिलं नाव त्यांचंच होतं. गेली एकवीस वर्षं गावात शेतीची कुठलीही यादी लागली की पहिलं नाव त्यांचं असे, त्यामुळे लोकांना त्यात विशेष काही वाटलं नाही. या वेळी यादी उलट्या बाजूनं वाचायची होती, एवढाच फरक.

विजयमालांचं वय छप्पन. नवरा जाऊन आठ वर्षं झाली होती आणि आजऱ्याच्या डोंगरपट्ट्यातली साडेतीन एकर भाताची खाचरं त्या एकट्या करत होत्या. एकवीस वर्षांपूर्वी त्यांनी घरातलं युरियाचं शेवटचं पोतं रिकामं केलं, धुतलं आणि त्याचं पायपुसणं केलं. तेव्हापासून त्यांच्या खाचरांत शेण, गोमूत्र, पालापाचोळा आणि भाषणं यांखेरीज काही पडलं नव्हतं. त्यांचं ऐकून गावातल्या आणखी दहा बायका सेंद्रिय घनसाळ पिकवू लागल्या. त्या तांदळाच्या पिशवीवर हिरव्या अक्षरांत 'सेंद्रिय' असं छापलेलं असे आणि खाली बारीक अक्षरांत 'पृथ्वीच्या भल्यासाठी'.

त्या वर्षीपासून नियम बदलला होता. रासायनिक खत आणि औषध न वापरणं एवढ्यावर आता सेंद्रिय होता येणार नव्हतं. एक किलो तांदूळ पिकवताना शेतातून दीड किलोपेक्षा जास्त तापवणारा वायू हवेत जाता कामा नये, अशी दुसरी अट आली होती. जास्त गेला, तर पिशवीवर 'सेंद्रिय' हा शब्द छापता येणार नाही. तांदळावर बंदी नव्हती, शब्दावर होती.

विजयमालांचा आकडा होता दोन पॉइंट नऊ.

बांधापलीकडच्या खाचरांत त्यांचे धाकटे दीर युवराज होडगे युरिया टाकत. त्यांचा आकडा होता एक पॉइंट नऊ. त्यांनी तो कागद प्लास्टिकमध्ये घालून बांधावरच्या काठीला, वहिनींच्या बाजूला तोंड करून लावला. त्या काठीसमोर वहिनींची 'रसायनमुक्त क्षेत्र' ही पाटी एकवीस वर्षं उभी होती, आणि तिला उत्तर म्हणून युवराजांनी पूर्वीच 'येथे पीक येते' अशी पाटी लावलेली होती. दीर-भावजयीत सहा वर्षं बोलणं नव्हतं. लष्करी अळी कुणाच्या खाचरातून कुणाच्या खाचरात गेली, यावरून ते बंद झालं होतं. अळी त्याच वर्षी गेली. मुद्दा राहिला.

"ह्ये यंत्र चुकलंय," विजयमाला तोडकरांना म्हणाल्या.

अनिकेत तोडकर वायुसहायक होते. पूर्वी ते कृषी सहायक होते. पगार तोच, मोटारसायकल तीच, फक्त आता जमिनीकडे बघता बघता वरही बघायचं होतं.

"वहिनी, यंत्र चुकत नाही. बसा, सांगतो." ते स्वतःच बांधावर बसले. "खाचरात पाणी साचलं की मातीतली हवा संपते. हवा संपली की तिथं वेगळे जंतू राबायला लागतात. त्यांना हवा नकोच असते, खायला हवं असतं. कच्चं शेण, पाला, काड. ते खातात आणि मिथेन सोडतात. भाताची काडी आतून पोकळ. त्या नळीतनं तो वर येतो. साधा धुराड्यातला कार्बन वायू अठ्ठावीस किलो जेवढं तापवतो, तेवढं हा एक किलो तापवतो."

"म्हंजे मी मातीला जेवढं जास्त जेवू घातलं..."

"तेवढे ते जंतू जेवले."

"आणि भावजी मातीला उपाशी ठेवत्यात, म्हणून त्यांचा आकडा कमी."

"त्यांचं वेगळं. युरिया तयार होताना कारखान्यात बराच वायू निघतो, पण तो कारखान्याच्या नावावर लागतो. शेतात युरियातनं नत्राचा एक वायू निघतो, तो तर दोनशे सत्तर पट तापवतो. पण असतो थोडा. सगळं मिळून तुमच्याइतकं होत नाही."

विजयमालांनी बांधावरच्या खांबाकडे बघितलं. मग म्हणाल्या, "आणि ह्ये सगळं त्या डब्याला कसं कळतं?"

तो डबा म्हणजे बांधावरच्या खांबावर बसवलेली पांढरी पेटी. गावानं तिचं नाव हुंग्या ठेवलं होतं. पेटीतून डोळ्याला न दिसणारा प्रकाश निघून समोरच्या बांधावरच्या आरशावर जाई आणि परत येई. मिथेनला त्या प्रकाशातला एक ठरावीक रंग लागतो, तेवढाच तो गिळतो. परत आलेल्या प्रकाशात तो रंग जेवढा कमी, तेवढा मिथेन वाटेत. नत्राच्या वायूचा रंग वेगळा, तोही ती पेटी मोजे. शेजारी वाऱ्याचा वेग मोजणारे तीन काटे होते. दोन्हींची सांगड घातली की कुठल्या खाचरातून किती वायू वर गेला ते निघे. पूर्वी असलं यंत्र विद्यापीठात कुलपात असायचं आणि त्याच्यावर लोक प्रबंध लिहायचे. आता ते बांधावर होतं आणि त्याच्यावर बगळे बसायचे.

संध्याकाळी शाळेच्या वर्गात गटाची बैठक झाली. अकरा बायका मुलांच्या बाकांवर अंग चोरून बसल्या. तोडकरांनी उपायही आणला होता, आणि तो नियमातच होता. मागच्या हंगामात सगळ्यांची खाचरं मोजून झाली होती; या हंगामापासून पूर्ण गटासाठी हुंग्या एकच मिळणार, आणि तो 'कोणत्याही एका प्रातिनिधिक ठिकाणी' बसवायचा होता.

"प्रातिनिधिक कोण ठरवणार?" कुणीतरी विचारलं.

"तुम्हीच," तोडकर म्हणाले आणि खिडकीबाहेर बघू लागले. खिडकीतून वरचं मुरमाड खाचर दिसत होतं. तिथं पाणी कधी ठरत नसे, त्यामुळे वायूही नसे. भातही फारसा नसे, पण तो हुंग्याच्या कामाचा भाग नव्हता.

बायकांचे चेहरे खुलले. विजयमालांचा खुलला नाही.

"हुंग्या डोहात बसंल," त्या म्हणाल्या. 'डोह' म्हणजे त्यांचं सर्वांत खोल, सर्वांत जास्त पाणी धरणारं, सर्वांत जास्त शेण खाणारं खाचर.

"माला," शेवंता आत्या म्हणाल्या. त्या सत्तरीच्या होत्या आणि गटात त्यांनाच अध्यक्ष विजयमालांना नावानं हाक मारायची मुभा होती. "वाईच वर ठेवलं तर त्या डब्याला चक्कर येती व्हय?"

"आत्या, एकवीस वर्षं सांगत आले तुमास्नी, माती खोटं बोलत न्हाई."

"माती न्हाई बोलत. आपुन बोलायचं."

सगळ्या हसल्या. विजयमालाही हसल्या, पण हसून झाल्यावर जागच्या हलल्या नाहीत.

"युरियावाल्यांना मी काय म्हणत होते? मोजून बघा, मग कळंल. आता मोजलंय. माझं वाईट निघालं म्हणून डबा उचलून माळावर न्यायचा?" त्या थांबल्या. "एक हंगाम द्या मला. दीडच्या आत आणते. पर शेतात आणते, कागदावर न्हाई."

"आणि न्हाई आलं तर?"

"तर अकरा जणींचा शब्द जाईल. माझ्यामुळं जाईल."

शेवंता आत्यांनी पदर सावरला. "मग आण बाई," त्या म्हणाल्या. बैठकीचा ठराव एवढाच झाला.

वळीव पडून गेल्यावर विजयमालांनी पेरणी केली आणि गटाचा अर्ज भरला. 'पेरणीची पद्धत' या रकान्यात त्यांनी लिहिलं, 'धूळवाफ'. पावसाच्या आधी कोरड्या धुळीत भात पेरून मोकळं व्हायचं आणि आभाळाची वाट बघायची, याला त्या भागात पिढ्यान्‌पिढ्या धूळवाफ म्हणतात. राजधानीत अर्ज वाचणारं भाषायंत्र हुशार होतं, पण आजऱ्याला कधी आलेलं नव्हतं. त्यानं शब्दाचे दोन तुकडे केले, धूळ आणि वाफ. दोन्ही एकाच जागेतून निघतात अशी जागा कोणती, याचा त्यानं विचार केला, आणि डोहाच्या जमिनीची, म्हणजे गट क्रमांक एकशे चौदाची, नोंद 'बॉयलर, मध्यम क्षमता' अशी केली.

आषाढात तोडकर भिजत आले. रेनकोटाच्या आतून त्यांनी आदेश काढला.

"वहिनी, तुमचा बॉयलर तपासायचाय."

"बंब आहे न्हाणीत. चालंल?"

"हसू नका. मला अहवाल द्यायचाय." ते ओसरीवर बसले आणि चष्मा पुसला. "पण एक सांगतो. बॉयलर म्हणून तुमचं शेत राज्यात पहिलं आलंय. बॉयलरच्या मानानं तुम्ही जवळजवळ काहीच सोडत नाही. हिरवा शिक्का आपोआप मिळतो. दुरुस्ती मागितली नाही, तर कुणाला काही कळणारही नाही."

विजयमालांनी त्यांच्यापुढे चहा ठेवला. "आणिक काय मिळतं बॉयलरला?"

"तासातासाचा आकडा. कारखान्यांना मोबाइलवर दर तासाला दिसतो. शेतकऱ्याला हंगाम संपल्यावर एकदाच."

"शेतकऱ्याला का न्हाई तासाला?"

"त्याला तो घेऊन काय करायचाय, असं समितीचं मत पडलं."

"दुरुस्ती कवापर्यंत मागता येती?"

"कापणीपर्यंत."

"मग कापणीला मागू. तोवर मी बॉयलर. मला तो तासाचा आकडा पायजे."

"आणि शिक्का?"

"तो तुमच्याजवळच ठेवा."

तोडकरांनी तसा अहवाल दिला. 'बॉयलर सुस्थितीत आढळला' हे वाक्य लिहिताना त्यांचा हात जरा थांबला, पण बावीस वर्षांच्या नोकरीत त्यांनी याहून अवघड वाक्यं लिहिली होती.

मग विजयमालांनी आपलं शेत नव्यानं वाचायला घेतलं. पदराला मोबाइल, हातात खोरं. दुपारी माती तापली की आकडा चढे, पहाटे उतरे. ताज्या शेणाची रबडी घातली की दुसऱ्या दिवशी आकडा उडी मारे. एकवीस वर्षं ज्या रबडीच्या कृतीवर त्यांनी व्याख्यानं दिली होती, तिचा आलेख त्यांनी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिला आणि त्या दिवशी जेवण जरा कमी केलं. पाण्याचंही कळलं. डोहाच्या एका कोपऱ्यातलं पाणी त्यांनी बांध घालून काढलं, तर तीन दिवसांत तिथला मिथेन निम्म्यावर आला, आणि पुन्हा पाणी भरलं तरी दहाबारा दिवस वर आला नाही. हवा आत गेली की त्या जंतूंचं बस्तान उठतं, आणि परत बसायला त्यांना वेळ लागतो.

"पण फार सुकवू नका," तोडकर म्हणाले. "अर्धवट ओल राहिली आणि नत्र असलं की तो दुसरा वायू वाढतो. दोनशे सत्तर पटवाला. मधला टप्पा गाठायचा. मातीत ओलावा किती टक्के आहे ते बघून..."

"वाफसा म्हणा की," विजयमाला म्हणाल्या. त्यांनी चप्पल काढली, सुकवलेल्या कोपऱ्यात टाच दाबली आणि उचलली. टाचेचा खळगा तसाच राहिला. त्यात पाणी भरलं नाही, की त्याला तडाही गेला नाही. "हा वाफसा. हितं थांबायचं आणि पाणी घ्यायचं."

तोडकरांनी मोबाइल बघितला. दोन्ही वायूंचे आकडे एकाच वेळी खाली होते. त्यांनी खळग्याचा फोटो काढून घेतला.

आता प्रश्न कोपऱ्याचा नव्हता, पूर्ण डोहाचा होता. हंगामात दोनदा डोह रिकामा करायला हवा होता, एकदा श्रावणाच्या उघडिपीत आणि एकदा भाद्रपदाच्या. डोहाचं पाणी ओढ्याला जायची वाट एकच होती, आणि ती युवराजांच्या खाचरांतून जात होती.

विजयमाला बांधाच्या अलीकडे उभ्या राहिल्या. युवराज पलीकडे तण काढत होते. सहा वर्षांनी पहिलं वाक्य कोण बोलतं, याची खाचरातल्या बेडकांनाही उत्सुकता असावी, कारण तेही गप्प झाले.

"भावजी, मला पाणी सोडायचंय."

युवराज कमरेत वाकलेलेच राहिले. "आमच्यातनं?"

"दुसरी वाट न्हाई."

"एकवीस वर्षं आमच्या पाण्याला इख म्हणत हुतासा."

"तुमचं पाणी माझ्याकडं चढत न्हाई, म्हणून बोलत हुते. माझं तुमच्याकडं उतरतंय, म्हणून इचारते."

युवराज सरळ झाले. हसू आलं होतं, ते त्यांनी खोकल्यात घालवलं. "सोडा. पर एक सांगतो वैनी. मी खत टाकलं की पाच दिवस पाणी हलवायचं न्हाई. न्हाईतर माझं खत तुमच्या पाण्याबरोबर ओढ्याला."

"न्हाई हलवणार. शब्द दिला."

"मग झालं."

बोलणं सुरू झालं, असं मात्र दोघांनीही धरलं नाही. फोन केला असता तर तसं धरावं लागलं असतं. म्हणून बांधावर कौलाखाली एक पाटी ठेवायचं ठरलं. युवराज तिच्यावर खताचा दिवस लिहीत, विजयमाला पाण्याचा.

श्रावणात पाच दिवस ऊन पडलं. डोह रिकामा झाला, वाफशावर आला, पुन्हा भरला. आकडा एक पॉइंट दोनवर उतरला. हंगामाची सरासरी वरून खाली यायला लागली. शेवंता आत्या काठी टेकत मुद्दाम आकडा बघायला आल्या आणि मोबाइल उलटा धरून म्हणाल्या, "बरा दिसतोय."

भाद्रपदात पुन्हा उघडीप येणार होती. गुरुवार ते रविवार ऊन, सोमवारपासून पाऊस, असं हवामान खात्याचं म्हणणं होतं, आणि अलीकडे खात्याचं खरं ठरू लागल्यामुळे लोकांना खात्याची भीती वाटायला लागली होती. या चार दिवसांत डोह सुकला तर सरासरी दीडच्या आत. नाही सुकला तर नाही. पुढं दाणा भरायला लागला की पाणी काढता येत नाही.

गुरुवारी सकाळी विजयमालांनी कौल उचललं. पाटीवर युवराजांच्या अक्षरात दोन शब्द होते. 'युरिया परवा.'

त्यांनी बोटांवर मोजलं. परवा म्हणजे शनिवार. आज पाणी सोडलं तर उद्या दुपारपर्यंत वाहून जाईल आणि शनिवारी भावजींचं खाचर मोकळं. त्यांनी खोऱ्याच्या चार घावांत बांधाचं तोंड उघडलं. पाणी खाली निघालं.

अर्ध्या तासात युवराज पळत आले. पन्नाशीच्या माणसानं चिखलात पळू नये तसे पळत आले.

"वैनी, थांबा. युरिया टाकलाय."

"कवा?"

"लिवलंय की. परवा."

"परवा म्हंजे शनिवारी."

"परवा म्हंजे मंगळवारी."

 मागचा परवा आणि पुढचा परवा यांना एकच शब्द ठेवणाऱ्या पूर्वजांना दोघांनीही मनात नमस्कार केला, अशा अर्थाचं काहीतरी दोघंही पुटपुटले.

"टाकला असं तरी लिवायचं."

"पाटीवर जागा कुठं हाय?" जागा होती, पण युवराजांना आठवलं नाही. ते खाली आपल्या खाचराकडे बघत होते. पाण्याची पहिली धार त्यांच्या वरच्या कोपऱ्यात शिरून पसरत होती. परवाचा, म्हणजे मंगळवारचा, युरिया तिथं मातीत मुरत पडला होता. त्या खाचरावर या वर्षी त्यांची सगळी भिस्त होती. खालची दोन खाचरं पावसात लोळली होती आणि घरात खायचं भात या एकातूनच येणार होतं.

विजयमालांनी आभाळ बघितलं. निळं, स्वच्छ, चार दिवसांचं. मोबाइल बघितला. तोंड उघडल्यापासून आकडा अजून हलला नव्हता, त्याला दोन दिवस लागणार होते. त्या काही बोलल्या नाहीत. युवराजही नाहीत. ते 'बंद करा' असं म्हणाले असते तर कदाचित भांडण झालं असतं, आणि भांडणात पाणी वाहत राहिलं असतं.

पाच दिवस म्हणजे रविवार संध्याकाळ. सोमवारी पाऊस.

त्यांनी खोरं उचललं आणि चिखलाचा पहिला गोळा तोंडात टाकला. दुसरा युवराजांनी टाकला. तिसऱ्यापासून दोघं वाकून लिंपत राहिले, आणि तोंड बंद झालं.

"रविवारी सोडते," विजयमाला हात झटकत म्हणाल्या.

"रविवारी काय उपेग?"

"अर्धा दिस मिळंल. तेवढा तर तेवढा."

रविवारी त्यांनी पाणी सोडलं. युवराजांनी आपली खालची तोंडं आधीच उघडून ठेवली होती, त्यामुळे पाणी थांबलं कुठंच नाही. डोहातलं बरंचसं निघालं. टाच दाबली तर खळग्यात पाणी भरत होतं. सोमवारी सकाळी नऊला पाऊस आला, खात्यानं साडेनऊ सांगितलं होतं. मोबाइलवर मिथेन थोडा उतरला, थबकला आणि पुन्हा चढू लागला. विजयमाला छत्री धरून बांधावर उभ्या राहिल्या आणि प्रत्येक तासाचा आकडा बघितला. बघून काही बदलणार नव्हतं. पण एकवीस वर्षं न बघता गेली होती.

कापणी झाली. तोडकर दोन कागद घेऊन आले आणि ओसरीवर दोन्ही शेजारी शेजारी ठेवले.

"हा बॉयलरचा. हिरवा शिक्का मारलेला आहे. हा दुरुस्तीचा अर्ज. यावर सही केलीत तर गट क्रमांक एकशे चौदा पुन्हा भातशेती होईल, आणि भातशेती म्हणून तुमचा आकडा..." त्यांनी कागदाची घडी सरळ केली. "एक पॉइंट सहा. मर्यादा दीड. मी तीनदा तपासलं वहिनी."

"दोन पॉइंट नऊवरनं एक पॉइंट सहा."

"जिल्ह्यात एवढा उतार कुणाचा नाही. पण नियमात उताराला गुण नाहीत. यंदा शब्द मिळणार नाही. कुणालाच, तुमच्या गटात." तोडकर खाली बघत म्हणाले, "बॉयलरवालं आज पाचपर्यंत चालू आहे. मी चहा सावकाश पितो."

विजयमालांनी चहा ठेवायच्या आधीच दुरुस्तीच्या अर्जावर सही केली. 'पेरणीची पद्धत' या रकान्यात त्यांनी पुन्हा 'धूळवाफ' लिहिलं, आणि पुढं, यंत्राला समजावं म्हणून, 'म्हणजे भात' असं जोडलं.

"युवराजरावांचा आकडा माहीत आहे का?" तोडकरांनी विचारलं. "एक पॉइंट चार. तुमचं पाणी जायला म्हणून त्यांनी खाचरं रिकामी केली, त्यांचा मिथेन आपोआप उतरला. पण युरिया आहे, म्हणून त्यांनाही शब्द नाही."

बांधाच्या वरच्या बाजूला खत पास आणि हवा नापास, खालच्या बाजूला हवा पास आणि खत नापास. दोघांचं मिळून एक सेंद्रिय शेत झालं असतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी विजयमालांच्या अंगणात गट जमला. त्यांनी पहिल्यापासून सगळं सांगितलं. बॉयलर, परवा, तोंड बंद केलं ते, एक पॉइंट सहा. माफी मागितली नाही. कुणी मागायला लावलीही नाही, पण थोडा वेळ सगळ्या आपापल्या पायाच्या बोटांकडे बघत होत्या. एकवीस वर्षं जपलेला शब्द गेला की माणूस कुठंतरी बघतोच.

"मग पिशवीवर छापायचं काय?" शेवंता आत्यांनी विचारलं.

"तांदूळ."

"नुसतं तांदूळ?"

"तांदूळच हाय न्हवं? त्याच्या खाली 'किलोमागे एक पॉइंट सहा'. मोठ्या अक्षरात."

"लोक इचारतील, ह्ये काय म्हणून."

"इचारू देत की. पुढल्या साली खाली एक पॉइंट तीन छापू. मग परत इचारतील."

शेवंता आत्यांनी विचार केला. "बारीक अक्षरात ते पृथ्वीचं हुतं, ते?"

"ते काढा. तिला कळतंय आपलं किती भलं चाललंय ते."

बायका हसत असतानाच फाटकापाशी युवराज येऊन उभे राहिले. सहा वर्षांत ते या अंगणात आलेले नव्हते. त्यांनी आत पाऊल टाकलं नाही, फाटकाला हात धरून उभे राहिले.

"वैनी, तोडकर म्हणाला. गुरुवारी तोंड बंद केलं नसतं तर दीडच्या आत आला असता."

"व्हय."

"माझ्या युरियापायी."

"न्हाई. युरिया तुमचा. शब्द माझा हुता."

युवराजांनी फाटकाची कडी उगाचच वरखाली केली. "तुमचं पाणी ज्या खाचरातनं गेलं ना, तिथं मी पुढचा डोस टाकलाच न्हाई. तरी भात काळंभोर हिरवं हुतं. त्या रबडीचं निम्मं माझ्याकडंच उतरलंय. पुढल्या साली तिथं युरिया टाकत न्हाई मी."

"मग सेंद्रिय झालासा की, भावजी," शेवंता आत्या म्हणाल्या.

"सेंद्रिय न्हाई आत्या. आळस म्हणतो मी त्येला."

विजयमाला उठल्या. गोठ्याच्या मागच्या भिंतीला खोरी टेकवलेली होती, त्यातली दोन त्यांनी आणली. "रबडी बंद," त्या गटाकडे बघून म्हणाल्या. "कच्चं शेण खाचरात जाणार न्हाई. आधी उकिरड्यात पूर्ण कुजवायचं. आणि उकिरडा नुसता साठवून ठेवला तर आत हवा मिळत न्हाई, तिथंबी तेच जंतू बसत्यात. आठ दिवसाला उलटायचा. अकरा घरं, अकरा उकिरडे. आपल्या आकड्यातलं उरलेलं सगळं त्यात हाय."

"अकरा?" कुणीतरी हळूच म्हणालं.

"बारा," युवराज म्हणाले. त्यांनी चप्पल फाटकाबाहेर काढली, धोतराचा काचा मारला आणि अंगणात आले. विजयमालांनी एक खोरं त्यांच्या हातात दिलं आणि दोघं गोठ्यामागं गेले. उकिरडा पुरुषभर उंच होता. युवराजांनी त्याच्याभोवती एक फेरी मारली.

"कुठनं सुरू करायचा?"

"तळातनं," विजयमाला म्हणाल्या आणि पदर खोचला. "वर वर हलवून आजवर बघितलंय."